मोरबाळ्यांच्या मशीनचं झाकण

गेल्या गणपतीच्या आधी आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या बोळात बातमी फिरली, की मोरबाळ्यांच्या स्वप्नालीनं वैतागून घरातली व्हिडिओ गेमची मशीनं उद्यमनगरातल्या कारखान्याच्या भट्टीत घातली. बातमी निघाली दूधकट्ट्यावर. म्हशीखाली पेला भरेपर्यंत ते एक मशीन होतं, पेला तोंडाला लागेपर्यंत तीन झाली, आणि बोळाच्या तोंडाशी पोचेपर्यंत ‘सासूलाबी भट्टीपतुर वडत नेल्ती म्हणं’ इथवर मजल गेली.

खरं काय ते सांगतो. मी समोरच राहतो आणि माझ्या खिडकीला पडदा नाही. भट्टीत मशीन गेलं नव्हतं. गेलं होतं ते तिच्या सासूचं, धोंडुबाईंचं, ॲल्युमिनियमचं डेचकं, तेही बुडाला भोक पडलेलं. सासू त्या वेळी दारात बसून मेथी निवडत होती. डेचकं विचारून नेलं का न विचारता, यावर दोघींचं अजून एकमत नाही. त्यात मी पडलो नाही. पडलो असतो तर पुढं वितळायची पाळी माझीच होती.

स्वप्नाली चाळिशीला टेकलेली, माहेर गडमुडशिंगी. बसलेली बाई म्हणून हिला कुणी बघितलेलं नाही. चहा प्यायची तो उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. कुणाच्या बारशाला गेली तर पाळण्याची करकर ऐकून ‘जरा तेल द्या हिकडं’ म्हणायची. नवरा विजयसिंह इचलकरंजीत यंत्रमागांच्या शेडमध्ये फिटर. त्याच्या पाळ्या अशा, की माणूस कमी दिसतो आणि दोरीवर वाळणारे त्याचे कपडेच जास्त. आणि एक सांगून ठेवतो. आमच्याकडच्या बायका ‘आलो, गेलो, सांगतो’ असंच बोलतात, पुण्याकडच्या पावण्यांनी पुढं वाचताना दचकू नये.

मोरबाळ्यांच्या पुढच्या खोलीत पूर्वी सासऱ्यांची पिठाची गिरण होती. सासरे गेले, गिरण घरामागच्या परड्यात गेली, आणि स्वप्नालीनं त्या खोलीत तीन टीव्ही, तीन गेमची मशीनं आणि मिळतील तशा खुर्च्या मांडल्या. मशीन म्हणजे टीव्हीला जोडायचा काळा डबा, हातात रिमोट धरायचा आणि पडद्यावर फुटबॉल खेळायचा. चुना दोनदा मारला तरी भिंतीतलं पीठ काही हटलं नाही. खोलीत भिंतीला टेकून बसलेला गडी अजूनही बाहेर पडतो तो पाठ पांढरी करून. त्यामुळं कामावर दांडी मारून कोण कुठं होता हे त्याच्या घरच्यांना विचारायला लागत नाही.

धोंडुबाईंना ही खोली गिरणीसाठीच परत पाहिजे होती. त्यांनी सुनेला मुदत घातली होती ती अख्ख्या बोळाला पाठ होती, कारण ती त्यांनी अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशीच घातली होती. “दिवाळीपतुर बघतो. माणसं आली तर खोली तुझी. न्हाईतर गिरण परत आत. मग तू पीठ चाळ.”

उन्हाळ्यापर्यंत माणसं येत होती. का येत होती तेही सांगायला पाहिजे. आमच्या गावात फुटबॉल कुठला खेळतात? पेठेचा. तालमीचा. पूर्वी कुस्तीच्या होत्या त्याच तालमींच्या आता फुटबॉलच्या टीम. स्वप्नालीकडच्या एका मशीनमध्ये पोरांनी आमच्या तालमीची टीम स्वतः भरली होती. तोच जर्सीचा रंग, तीच नावं, आमच्या गोलकीपरचं अर्धं टक्कलसुद्धा. पलीकडच्या पेठेतल्या तालमीचीही टीम होती, ती हरवायला कुणीतरी पाहिजे म्हणून. मैदानावरचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, दसरा झाला की, दोन्ही तालमींचा एक सामना स्वप्नालीच्या टीव्हीवर व्हायचा. त्या एका सामन्याच्या जोरावर खोली वर्षभर भरलेली असायची.

उन्हाळ्यात फुटबॉलचा नवा गेम आला, आणि तो जुन्या डब्यावर चालेना. त्याला नवा डबा पाहिजे. त्याच सुमाराला हमरस्त्यावर अभिनंदन मगदूमनं नवं गेम पार्लर काढलं. हा मूळचा कुरुंदवाडचा, विजयसिंहाचा आयटीआयमधला दोस्त. गडी थंड. आवाज कधी चढत नाही, घाम कधी येत नाही. त्याच्याकडं नवी मशीनं, एसी, आणि दाताच्या डॉक्टरकडं असते तसली मागं झुकणारी खुर्ची. आठवडाभरात स्वप्नालीच्या खोलीतला गोंगाट निम्मा झाला. पुढं पुढं तर मला माझ्या घरातलं घड्याळ ऐकू यायला लागलं.

स्वप्नालीचं चित्त थाऱ्यावर राहीना. दारात यायची, बोळाच्या तोंडाकडं बघायची, आत जायची, टीव्ही पुसायची, परत दारात. ओळखीचा पोरगा हमरस्त्याकडं निघालेला दिसला की विचारायची, “कुठं चाललास रं?” पोरगं म्हणायचं, “दळण बघून येतो.” दळण! मोरबाळ्यांच्याच दारातनं!

एका संध्याकाळी तिच्या पायरीवर सगळे जमले. अभिनंदन विजयसिंहाला भेटायला आला होता, विजयसिंह नेहमीप्रमाणं पाळीवर होता. आकाराम मिस्त्री आला होता, त्याचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आणि शेजारी भावाची फौंड्री. मी होतो, कारण मी असतोच.

“मला एक सांगा,” स्वप्नाली उभ्यानंच म्हणाली, “माझा डबा बिघडलेला न्हाई. चालू हाय. मग नवा गेम का घेत न्हाई ह्यो?”

“जोर कमी पडतोय,” अभिनंदन म्हणाला.

“मग जोर वाढवायचा की. मोटर बदला.”

“वैनी, ही गिरण न्हवं. ह्यात बदलायची सोय ठेवलेली न्हाई. आणि मी म्हणतो ते बरंच केलंय. सगळ्यांच्या घरात एकसारखं मशीन. उद्या आतलं सामान बदलायला दिलं की ज्याच्या खिशात जोर त्याचा खेळाडू पळणार. आणि एवढी बदलाबदलीच करायची असली तर त्याला कॉम्प्युटर म्हणत्यात, तो घ्यावा.”

“आणि आता काय हुतंय?” स्वप्नाली पायरी उतरून परत चढली. “ज्यानं नवा डबा घेतला त्याचाच पळतोय न्हवं? बाकीचे बसलेत माझ्याकडं, भिताडाला पाठ लावून.”

दारातून धोंडुबाई बोलल्या. त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. “आमच्या मालकांची गिरण बघा. दगड झिजला, टाकी मारून घेतली. मोटर जळली, भरून आणली. पट्टा तुटला, शिवला. जल्मभर चालली. हिचं मशीन मिसरूड फुटायच्या आधीच म्हातारं झालं.”

आकाराम मिस्त्रीनं तोवर डबा मांडीवर घेऊन सगळीकडनं चाचपला होता, म्हैस विकत घेताना चाचपतात तसा. “ह्याला खालनं स्क्रू हाय,” तो म्हणाला.

“मग?” अभिनंदन.

“मग म्हंजे? ज्याला स्क्रू हाय ते उघडायसाठीच हाय. न्हाईतर खिळा मारला असता.”

इथं आमच्या गावाचा एक रोग सांगायला पाहिजे. उद्यमनगरात होत नाही असं काही असतं, हे कोल्हापूरच्या माणसाला मान्य नाही. परदेशी मशीनचा तुटलेला दात घेऊन जा, संध्याकाळी दुसरा घेऊन या. त्यामुळं मिस्त्री ‘करतो’ म्हणाल्यावर तिथं बसलेल्या एकाच्याही मनात शंका आली नाही. अभिनंदनच्या आली, पण तो कुरुंदवाडचा.

दुसऱ्या दिवशी स्वप्नाली डबा पिशवीत घालून गेली. डबा कुठला नेला? ज्यात तालमींच्या टीम भरल्या होत्या तोच. तिचं म्हणणं, जोर वाढवायचा तर पहिल्यांदा त्याचाच वाढवू.

मिस्त्रीनं डबा नीट उघडला. आत बघतो तर धुळीचा गोधडीएवढा थर, त्यात गिरणीचं पीठ. आता उद्यमनगरात उघडलेल्या वस्तूला पहिलं काय करतात? कंप्रेसरची हवा मारतात. कार्बोरेटर असू दे, पंप असू दे, हातपाय असू दे, हवा मारायची. मिस्त्रीनं सवयीनं नळी घेतली आणि फर्रर्र. पंखा भिंगरीसारखा फिरला, पीठ उडालं, आणि पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणी सर्किटवर सगळीकडं शिंपडलं गेलं. डबा परत जोडला, वायर लावली. एक निळा दिवा लागला, आणि गेला. परत लागलाच नाही.

स्वप्नाली ती पिशवी छातीशी धरून बोळात आली तेव्हा मी खिडकीत होतो.

“आतली डिस्क चांगली हाय,” मागनं आलेला मिस्त्री सांगत होता. “ती दुसऱ्या डब्यात घालू. टीम मिळतील.”

घातली. दुसऱ्या डब्यानं तिला ओळख दिली नाही. पुसून कोरी करू का, एवढंच विचारलं. अभिनंदननं फोनवर समजावलं, “वैनी, ती डिस्क त्या एका मशीनशीच बांधलेली असती. ते गेलं की तीबी गेली.”

“असं कसं?” स्वप्नाली ओरडली. “नवरा वारला तर बायकोला कुणी कोरी करत न्हाई!”

टीम गेल्याचं तालमीत कळलं तशी तिथं बैठक बसली. निकाल असा झाला, की दसऱ्याच्या सामन्याला टीम पाहिजेत. स्वप्नालीकडं त्या परत झाल्या तर सामना तिच्याकडं. नाहीतर अभिनंदनकडं, नव्या गेमवर, तिथं आमच्या टीम कुणी भरलेल्या नव्हत्या म्हणून ज्या कुठल्या परदेशी टीम असतील त्या घेऊन. धोंडुबाईंनी हा निकाल ऐकला आणि परड्यात जाऊन गिरणीवरची ताडपत्री झटकून आल्या. झटकायची गरज नव्हती. आवाज यावा म्हणून झटकली.

मग स्वप्नाली जी पेटली ती पेटलीच. दुसरा डबा घेऊन ती परत मिस्त्रीच्या दारात. मिस्त्री म्हणाला, “वैनी, मला पाप लागंल.” ती म्हणाली, “कंप्रेसरला हात लावलासा तर लागंल.” या खेपेला ब्रशनं साफ केलं. आतली डिस्क काढून तिथं नव्या पद्धतीची झपाट्यानं चालणारी घातली, ती बदलता येते, तेवढी सोय कंपनीनं ठेवलेली होती. मिस्त्री खुलला. आता जोराची चिप शोधायला लागला. सापडली, पण ती सगळीकडनं डाग देऊन सर्किटच्या पाटीवर कायमची बसवलेली. मिस्त्रीनं चष्मा लावून बघितली, काढून बघितली, शेवटी म्हणाला, “हे मात्र न्हाई जमायचं.”

हे वाक्य उद्यमनगरात ऐकल्याचं माझ्या तरी आठवणीत नाही. स्वप्नाली तिथंच येरझाऱ्या घालायला लागली. “सगळं उघडतंय, सगळं निघतंय, आणि जे बदलायचं तेच तेवढं चिकटवून ठेवलंय व्हय? हे इसरलेत का मुद्दाम केलंय?”

मिस्त्रीला तिला रिकाम्या हातानं पाठवणं जिवावर आलं. डबा तापतो हे त्यानं बघितलं होतं. म्हणून त्यानं मोठा पंखा बसवला आणि वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून त्याजागी ॲल्युमिनियमचं ओतून द्यायचं ठरवलं, मोटारसायकलच्या इंजिनला असतात तशा पट्ट्यापट्ट्यांचं. त्यासाठी ते डेचकं. पुढची अफवा तुम्हाला माहीत आहे.

तो डबा दिसायला शेतातल्या इंजिनाचा धाकटा भाऊ झाला, पण थंड आणि गप्प चालायचा, आणि गेम डोळा लवायच्या आत उघडायचा. गेम मात्र जुनाच.

टीम भरायच्या राहिल्या होत्या. पोरं म्हणाली, कोण बसणार एवढं भरत. आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, स्वप्नाली बसली. बसली म्हणजे खुर्चीच्या कडेवर, एक टाच सारखी हलती. रिमोटनं एकेक अक्षर टिपून नावं घातली. कोण डाव्या पायाचा, कोण दम लागला की कमरेवर हात ठेवतो, सगळं तिला तोंडपाठ, या खोलीतच मोठी झालेली पोरं ती. पलीकडच्या पेठेचीही टीम तिनंच भरली. त्यांच्या कॅप्टनचं नाक तिनं तीनदा बदललं. दोनदा लांब झालं होतं, एकदा मुद्दाम.

दसरा झाला. सामन्याची संध्याकाळ आली. खोली भरली, पायरी भरली, माझ्या खिडकीत शेजारचे दोघं घुसले. पंच म्हणून अभिनंदन, कारण त्याला पेठ नाही, म्हणून तो दोघांनाही चालतो. पलीकडच्या पेठेचा कॅप्टन राजवर्धन आला. पतसंस्थेत नोकरी, कडक इस्त्रीचा शर्ट. आत आला, डबा बघितला आणि थांबला.

“हे काय हाय? इंजिन?”

“मशीन हाय,” स्वप्नाली म्हणाली.

“उघडलंय हे. उघडलेल्या मशीनवर आमी खेळत न्हाई. आत काय भरलंय कुणाला ठावं?”

त्याची पोरं उठलीच. चपला शोधायला लागली. अभिनंदन शांतपणे म्हणाला, “उघडलंय हे खरं हाय. माझी शीलबंद हाईत. पाच मिनिटांवर हाय, चालत जाऊ सगळे.”

खोलीत एकदम हालचाल झाली. काही आमचीही पोरं उठली, मला वाईट वाटलं ते त्याचं. ही माणसं आता बाहेर पडली की परत आत येणार नव्हती, हे त्या खोलीत दोघींना बरोबर ठाऊक होतं, सुनेला आणि सासूला.

स्वप्नालीनं कमरेचा स्क्रू ड्रायव्हर काढला. चार फिरकीत झाकण बाजूला. “बघा. या, बघा.”

सगळी डोकी वाकली. एकालाही काही कळत नव्हतं, पण बघितलं सगळ्यांनी.

“हे काय?” राजवर्धन.

“पंखा.”

“एवढा?”

“तुमी एवढी माणसं आलासा, उकडतंय.”

तेवढ्यात दारातनं धोंडुबाईंचा आवाज आला. मी म्हटलं झालं, आता ही गिरणीचं काढणार. पण पलीकडच्या पेठेचा माणूस आपल्या घरात उभा राहून आपल्या घराला लबाड म्हणतोय, हे म्हातारीच्या कानाला झोंबलं होतं.

“काय रं, तू कुठल्या मशीनवर खेळणार?”

“ह्याच की, आज्जी.”

“आणि आमचं पोरगं?”

“तेबी ह्याच.”

“मग कुठलं पोरगं तुमच्या पेठंचं हाय ते मशीनला कसं कळायचं, मुडद्या?”

बोळ हसला. राजवर्धनचे कान लाल झाले, पण पतसंस्थेतला माणूस, मुद्दा सोडेना. “मशीनला कळत न्हाई, पण टीम वैनींनी भरल्यात. आमची मुद्दाम ढिली भरली असंल तर?”

हा मुद्दा खरा होता. आमच्याच दोघातिघांनी स्वप्नालीकडं जरा आशेनं बघितलं.

स्वप्नाली म्हणाली, “मग टीमची अदलाबदल करा. आमची तुमी घ्या, तुमची आमची पोरं घेतील. आमची जड भरली असंल तर तुमालाच फायदा.”

राजवर्धननं पडद्याकडं बघितलं. पडद्यावर आमच्या तालमीच्या रंगाची जर्सी. ती त्यानं घालायची, त्या रंगासाठी गोल मारायचा, आणि उद्या आपल्या पेठेत परत जायचं. “त्यांचा रंग आमी घालू? मेलो तरी न्हाई!” आणि आमची पोरं त्याच्याहून मोठ्यानं, “आमीबी न्हाई! वैनी, काय खुळ्यागत बोलायलाय?”

“मग बसा की खाली,” स्वप्नाली म्हणाली.

बसली. दुसरा इलाजच नव्हता. चपला परत निघाल्या, झाकण परत बसलं, सामना सुरू झाला. बरोबरी झाली, पेनल्ट्या झाल्या, आणि आमची तालीम हरली. हरली ते बरंच झालं असं मी म्हटलं की लोक मारायला उठतात. पण हरल्याशिवाय बदला घ्यायची खाज सुटत नाही. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही पेठांची पोरं त्याच दोन टीम घेऊन त्याच डब्यापुढं बसायला लागली. एसी खुर्चीत तो रंग मिळत नव्हता.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला धोंडुबाईंनी निकाल सांगितला, अर्थात बोळाला ऐकू जाईल असाच. “पुढच्या दिवाळीपतुर खोली ऱ्हाऊ दे हिच्याकडं. गिरणीला काय घाई न्हाई.” स्वप्नालीला एवढं मिळालं म्हणून ती निवांत झाली असं समजू नका. आता ती पुढच्या दिवाळीची काळजी करत उंबऱ्यावर उभी असते.

भाऊबीजेला अभिनंदन फराळाला आला. करंजी खाता खाता त्या पट्ट्यापट्ट्यांच्या झाकणाकडं बघत म्हणाला, “वैनी, राग मानू नगासा. हे ह्या साली निभावलं. पुढच्या साली नवं मशीन घ्या, हे मोडीत घाला. ते जुनं झालं की त्याच्या पुढचं. कंपनी हुशार माणसांची हाय, त्यांनी बंद ठेवलंय ते इचार करूनच ठेवलंय. आपण उघडून काय करणार?”

स्वप्नाली चकलीचं ताट त्याच्यापुढं ठेवून उभीच होती. ती म्हणाली, “नवं घेतो की, भावजी. पण तुमच्या त्या हुशार माणसांस्नी सांगा, ती जोराची चिप चिकटवू नगा, तिच्यावर एक झाकण ठेवा आणि चार स्क्रू जास्ती लावा. उघडायचं का न्हाई ते आमचं आमी बघतो.”